मागे गाडी आहे

माझ्या मामाला वस्तीत सगळे पायलट म्हणायचे. विमान त्याने जवळून कधी पाहिलंही नव्हतं. तो शहराच्या बससेवेत ड्रायव्हर होता. पण आमच्या माणसांपैकी स्टिअरिंगपर्यंत पोचलेला तो पहिलाच, आणि पहिल्याचं कौतुक जरा जास्तच होतं. बाबा तर तो दारात दिसला की म्हणायचे, "या पायलटसाहेब, आज कुठे उतरवलंत?" मेव्हण्याची थट्टा केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

हे मी मामाची बदनामी करायला लिहीत नाही. त्याची बदनामी करायची तर आधी माझं रक्त बदलून आणावं लागेल. पण त्याची गोष्ट आठवली की अजूनही माझी मान खाली जाते, आणि ती का जाते हे एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

आम्ही काळे. सावळे, गव्हाळ, निमगोरे असं काही सांगून वेळ मारून न्यावी एवढीही सोय देवाने ठेवलेली नाही. पणजोबांच्या वेळी गोदी खणायला माणसं हवी होती, तेव्हा बोटी भरभरून आमची माणसं आणली. गोदी खणून झाली, पण परत न्यायला बोट पाठवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मग विटांच्या जुन्या भट्टीशेजारी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. ती आमची वस्ती. पुढे खाडी, खाडीवर लांबलचक पूल आणि पुलापलीकडे शहर. काम सगळं पलीकडे.

पलीकडे खोली भाड्याने का नाही घेतली, असं कोणी विचारेल. कायद्याची काही आडकाठी नव्हती. कायदा आमच्याशी फार गोड बोलायचा. घरमालक मात्र दार उघडायचा, तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "अरेरे, आत्ताच गेली हो खोली." ज्याची नोकरी पर्मनंट त्याला सरकारी चाळीत खोली मिळायची, बँक कर्जासाठी दारात उभं करायची, पोरांना चांगल्या शाळेत घ्यायचे. पण आमच्यात पर्मनंट कोणी नव्हतंच. आणि का नव्हतं? तर, "ह्यांना वेळेची किंमत नाही. ह्यांचं असंच." हे 'ह्यांचं असंच' मी किती तोंडांतून ऐकलंय म्हणून सांगू. शिव्या देणारी तोंडं नव्हती ती. चांगली शिकलेली, हसरी, चहा विचारणारी तोंडं.

आता आम्हाला वेळेची किंमत का नव्हती ते ऐका.

सकाळची बस निघायची नव्या वसाहतीतून. तिथे कारकून, मास्तर, बँकेतले लोक राहायचे, सगळे गोरे. आमचा भट्टीचा थांबा पुलाआधीचा शेवटचा. बसमध्ये कंडक्टर नव्हता, पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. वसाहतीतल्या लोकांकडे महिन्याचे पास असत. ते पास दाखवत पटापट चढत. पास मिळायचा पगाराचा दाखला असेल त्याला. रोजंदारीवाल्याला दाखला कोण देणार? त्यामुळे आमची माणसं चिल्लर चाचपत, बोचकी सांभाळत, एकेक करून चढायची. तेवढ्याने गाडीला उशीर व्हायचा आणि डेपोतल्या फळ्यावर ड्रायव्हरच्या नावापुढे लाल खूण पडायची.

ड्रायव्हर लोकांनी यावर एक युक्ती काढली होती. भट्टीचा थांबा जवळ आला की वेग थोडा कमी करायचा, खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि दोन बोटं खांद्यावरून मागे दाखवायची. म्हणजे काय, तर मागे गाडी आहे, रिकामी आहे, तिने या. आणि सुसाट पुलावर.

मागे गाडी वगैरे काही नसायची. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आमच्या खेळातसुद्धा ती खूण होती. कोणी खाऊ मागितला की दोन बोटं खांद्यावरून मागे करायची आणि पळायचं. मोठी माणसं तर ती बोटं दिसताक्षणी चालायलाच लागत. पूल लांब होता, पण लगेच निघालं आणि पाय उचलून चाललं तर घामाघूम होऊन का होईना, कामाच्या भोंग्याच्या आधी पोचता यायचं. वाट बघत उभं राहिलं तर नाही. वस्तीत नवीन आलेल्या सुनेला पहिल्या दिवशी हेच सांगायचे, "बोटं दिसली की पाय उचल."

मामा तेव्हा डेपोत बस धुवायचा. आमच्या लोकांना डेपोत तेवढंच काम होतं. धुण्यासाठी गाड्या पुढेमागे कराव्या लागत, त्यातच तो गाडी शिकला. मग लायसन्स काढलं, अर्ज केला. अर्ज परत आला. पुन्हा केला. वर्षानुवर्षं तो गाड्या धूत राहिला आणि अर्ज करत राहिला, आणि गंमत म्हणजे ड्रायव्हर लोक आजारी पडले की ह्यालाच गुपचूप गाडी काढायला लावायचे, पगार धुणाऱ्याचा देऊन. शेवटी डेपोला नवा मॅनेजर आला. तो म्हणाला, "का नाही? जमाना बदललाय." आणि मामा ड्रायव्हर झाला.

त्या दिवशी आईने त्याच्या खाकी शर्टाला अशी काही इस्त्री मारली की बाबा म्हणाले, "अगं, घडीने हात कापेल त्याचा." आई मामाची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हापासून आईनेच त्याला वाढवलं. भाऊ ड्रायव्हर झाला म्हणजे तिला आपणच ड्रायव्हर झाल्यासारखं वाटत होतं. पहिल्या सकाळी निम्मी वस्ती थांब्यावर हजर. ज्यांना कुठे जायचं नव्हतं तीही. गाडी आली, थांबली, दार उघडलं. गोदीवर हमाली करणारे एक आजोबा चढता चढता मामाला म्हणाले, "बाळा, ह्या गाडीचं दार आतून कसं दिसतं ते आज कळलं." मामा रडायचाच बाकी होता.

काही दिवस गाडी रोज थांबली. मग एक दिवस मॅनेजरने मामाला आत बोलावलं. हे सगळं मला खूप नंतर मामानेच सांगितलं, आणि मॅनेजरचा आवाज काढून सांगितलं, म्हणून मला ते शब्द जसेच्या तसे माहीत आहेत.

"बस," मॅनेजर म्हणाला. आमच्या माणसाला खुर्ची देणारा तो पहिलाच. "फळा बघितलास? तुझ्या नावापुढे किती लाल झालंय?"

"साहेब, भट्टीच्या थांब्यावर गर्दी असते."

"माहीत आहे मला. थांबू नको असं मी म्हणणार नाही. नियमात बसत नाही ते. पण वेळ सांभाळ. इतरांना उशीर झाला तर लोक म्हणतात रस्त्यावर गर्दी होती. तुला झाला तर काय म्हणतात ते मी सांगायला नको. तुझ्यामागे तुझ्या लोकांचे आणखी चार अर्ज आलेत. मला ते घ्यायचे आहेत, मनापासून. पण तुझ्याच नावापुढे अशा खुणा असतील तर वरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

बघा, माणूस वाईट नव्हता. मला त्याचा राग येतो तो म्हणूनच. वाईट माणसाला शिवी देऊन मोकळं तरी होता येतं.

मामाची इकडे आड तिकडे विहीर झाली. थांबावं तर चौघांच्या पोटावर पाय, न थांबावं तर वस्तीच्या. काही दिवस त्याने अर्धवट थांबून पाहिलं, चारसहा जण घेतले, बाकीचे सोडले. त्यात वेळही गेला आणि भांडणंही झाली. आणि मग एके सकाळी मामाचा हात खिडकीतून बाहेर आला. दोन बोटं. मागे.

इथे आमच्या लोकांनी जी चूक केली ती जगात दुसऱ्या कोणी केली नसती. त्यांनी विश्वास ठेवला.

गोऱ्या ड्रायव्हरची बोटं खोटी, हे सगळ्यांना पाठ होतं. पण ही पायलटची बोटं. आपला माणूस खोटं कशाला सांगेल? आपल्या माणसाने सांगितलंय मागे गाडी आहे, म्हणजे आहे. जी माणसं इतकी वर्षं बोटं दिसली की पाय उचलत होती, ती आता शांतपणे थांब्यावर उभी राहिली. गप्पा मारत. बायकांनी बोचकी खाली ठेवली. कधीमधी खरंच गोदीकडून एखादी गाडी यायची, पार उशिराने, त्यामुळे विश्वास टिकूनही राहिला. आणि मग सगळी वरात धावतपळत पुलावरून निघायची, आणि पोचेपर्यंत भोंगा होऊन गेलेला असायचा.

म्हणजे गोऱ्या ड्रायव्हरांनी आम्हाला जेवढा उशीर केला नव्हता, तेवढा माझ्या मामाने केला.

पुढे तर आणखी मजा. मजाच म्हणायची, दुसरं काय? लोक मामाला येऊन सांगायला लागले, "पायलट, तू तर बिचारा सांगून जातोस, पण तुझ्या मागचा ड्रायव्हर हरामखोर आहे. गाडी आणतच नाही." मामा काय बोलणार? म्हणाला, "बोलतो मी त्याच्याशी." कोणी विचारलं, "आहे तरी कोण तो?" मामाच्या तोंडून निघून गेलं, "आहे एक मिशीवाला." झालं. त्या दिवसापासून वस्ती मिशीवाल्याच्या नावाने बोटं मोडायला लागली. बायका त्याच्या आईचा उद्धार करायच्या. पोरांनी भट्टीच्या भिंतीवर कोळशाने मिशीवाला काढला आणि त्याला दगड मारायला लागली. जन्मालाच न आलेल्या माणसाने इतके दगड खाल्लेले मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत.

एकट्या बाबांना संशय होता. एकदा जेवताना ते म्हणाले, "मला तर वाटतं मागे गाडीच नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काही नाही."

आईने वाढायची पळी तशीच हातात धरली. "माझ्या भावाचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही."

"अगं, मी फक्त म्हटलं."

"म्हणायचं पण नाही."

बाबांनी ताटात मान घातली. मेव्हण्याची थट्टा करणाऱ्या माणसाचं हेच होतं, तो खरं बोलला तरी लोकांना ती थट्टाच वाटते.

आई शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. चादरी वाफेच्या यंत्रातून निघाल्या की समोरासमोर दोघींनी धरायच्या, ताणायच्या, घडी घालायच्या. हाताला चटके बसायचे, पण आईच्या घड्या अशा की मुकादमबाई नव्या बायकांना तिच्यासमोर उभं करायची. इतकी वर्षं आई तिथे टेम्पररीच होती. दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे, म्हणजे कागदावर ती कायम नवीनच. त्या वर्षी पहिल्यांदा मुकादमबाईने तिचं नाव पर्मनंटसाठी वर पाठवलं होतं. अट एकच. काही महिने हजेरी स्वच्छ हवी, लेटचा शिक्का नको.

आणि ह्यात माझं सगळं अडकलं होतं. त्याच हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं शिक्षण होतं, मला तिथे घ्यायला तयारही होते, पण जामीन पर्मनंट माणसाचा लागायचा. आमच्याकडे पर्मनंटच्या वाटेवर फक्त मामा, आणि त्याला ड्रायव्हर म्हणून अजून वर्ष भरायचं होतं. म्हणजे आई पर्मनंट झाली तर मी नर्स, नाही तर मीही चादरीच्या दुसऱ्या टोकाला. आई रोज सकाळी मला उठवताना "ऊठ गं सिस्टर" म्हणायची.

आई उशिरा उठणाऱ्यातली नव्हती. बाबा म्हणायचे, आमच्या वस्तीत कोंबडे आईला बघून आरवतात. सगळ्यांच्या आधी ती थांब्यावर असायची. तिथे भाऊ दोन बोटं दाखवून जायचा आणि ती इतरांना सांगायची, "थांबा गं, मागे आहे म्हणतोय. चालत जाऊन कशाला पाय मोडून घेता?" लेटचा पहिला शिक्का पडला तेव्हा ती हसली. दुसरा पडला तेव्हा मिशीवाल्याला शिव्या दिल्या. त्यानंतरच्या शिक्क्याला मुकादमबाईने तिला बाजूला घेतलं.

"मी समजू शकते गं," मुकादमबाई म्हणाली, "पण वरचे लोक म्हणतात, ह्यांचं असंच. गाडीच आली नाही असं डेपोकडून लिहून आण. तेवढं असलं तर मी भांडेन तुझ्यासाठी."

आई घरी आली ती पदर खोचूनच. "उद्या डेपोत जायचं. त्या मिशीवाल्याला सोडत नाही मी. आणि आपल्याकडे साक्षीदार आहे, माझा भाऊ!" तिने मामाला निरोप पाठवला नाही. म्हणाली, "त्याला कशाला आधी त्रास? तिथे आहेच तो."

डेपोत आम्ही पोचलो तेव्हा सकाळच्या फेऱ्या संपल्या होत्या. अंगणात गाड्या धुणं चाललं होतं, आमचीच माणसं होती पाइप धरून. त्यांनी आईला ओळखलं आणि हात केले. मॅनेजरच्या खोलीत एक टेबल, पाणी ठिबकणारा एक माठ आणि भिंतभर तो फळा. मॅनेजरने आईलाही खुर्ची दिली. आई खुर्चीच्या टोकावर बसली, मी मागे उभी राहिले.

आईने सगळं सांगितलं. मागच्या गाडीचा मिशीवाला ड्रायव्हर, रोजची वाट बघणं, लेटचे शिक्के, लाँड्री, मुकादमबाईला हवा असलेला कागद. नीट, सावकाश, पाठ केल्यासारखं. शेवटी म्हणाली, "माझ्या भावाला विचारा साहेब. तो रोज आम्हाला सांगून जातो."

मॅनेजरने दारातल्या शिपायाला मामाला बोलवायला पाठवलं आणि फळ्याकडे वळला. त्याचा गोंधळ झालेला दिसत होता. "मागची गाडी? बाई, सकाळी तुमच्या थांब्यावरून एकच गाडी जाते. त्यानंतर ती गोदीची, तीही उशिरा. मागे कुठली गाडीच नाही." मग त्याने फळ्यावरची नावं बोटाने वाचत नेली. "आणि मिशीवाला ड्रायव्हर आमच्याकडे एकही नाही."

तेवढ्यात मामा दारात आला. हातात चहाचा कप होता. आईला पाहिलं, मला पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि मग तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. बूट चकचकीत होते. 

आईने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं मी कधीच विसरणार नाही. लहान मुलाने घरात काहीतरी फोडलंय आणि आता त्याला मारायचं की जवळ घ्यायचं हे ठरेना, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

मॅनेजर मूर्ख नव्हता. त्याचा आवाज बदलला. "कोणी तुम्हाला मागे गाडी आहे अशी खूण केली का? थांबा चुकवणं हा गुन्हा आहे आमच्याकडे. लेखी तक्रार झाली तर मला नोकरीवरून काढावं लागतं. नाव सांगा. मी कागद देतो तुम्हाला, आत्ता."

कागद. आत्ता. आईला बोलायचं होतं ते फक्त एक नाव, आणि ते नाव तिनेच ठेवलेलं होतं. आजी तेव्हा बाळंतपणातून उठली नव्हती म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलं. मी तोंड उघडलं. आईने मागे हात नेऊन माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"कोणी नाही साहेब," आई म्हणाली.

"कोणी नाही?"

"मीच उशिरा निघते घरून. सकाळी उठवत नाही. म्हटलं गाडीवर ढकलावं." मग तिने किंचित हसून दाखवलं. मोठ्या माणसांपुढे हसतात तसं. "आमच्या लोकांचं असंच असतं साहेब. तुम्हाला माहीतच आहे."

माझी आई. जिला बघून कोंबडे आरवायचे, ती.

मॅनेजरचा चेहरा सैल पडला. त्याला बरं वाटलं, स्पष्ट दिसत होतं. कोणाला काढावं लागणार नव्हतं, आणि इतकी वर्षं जे वाटत होतं ते खरंच निघालं होतं, तेही त्यांच्याच तोंडून. "निदान कबूल तरी केलंत," तो प्रेमाने म्हणाला. मग मामाकडे वळला. "तुझी बहीण प्रामाणिक आहे रे. घरात तू आहेस ना, जरा वेळेचं महत्त्व शिकव त्यांना."

"हो साहेब," मामा म्हणाला.

मला त्या क्षणी त्याची लाज वाटली, आईची वाटली, आणि माझ्या कातडीचीही वाटली. ही शेवटची लाज सगळ्यात घाण. ती आपली नसतेच मुळी, कोणीतरी आपल्या खिशात टाकून गेलेली असते, आणि तरी खिसा आपलाच जड होतो. बाहेर पडताना पाइप धरलेल्या माणसांनी विचारलं, "काय ताई, झालं काम?" आई म्हणाली, "झालं."

आईचं नाव पर्मनंटच्या यादीतून गेलं. तिच्या जागी जी आली ती वसाहतीतली होती. चांगली बाई होती, घड्या आईकडूनच शिकली.

बाबांना सगळं कळल्यावर ते इतके भडकले की मामाच्या घरी जाऊन त्याला रस्त्यात ओढायला निघाले. आईने दाराला पाठ लावली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावून कोणाला चावणार?" बाबा खाटेवर बसले, आणि त्यांना एकही थट्टा सुचली नाही.

संध्याकाळी मामा स्वतःच आला. खाकी कपड्यातच. उंबऱ्यातच बसला, आत येईना. "ताई, मला मार," म्हणाला. लहानपणी मार खायचा तसाच हात पुढे केला होता त्याने.

"आत ये. जेवून घे आधी."

"मी उद्यापासून थांबतो. सगळ्यांना घेतो. मग काढू देत मला, पुन्हा गाड्या धुईन."

आईने ताट त्याच्यापुढे ठेवलं. "त्या चौघांचं काय झालं? ज्यांचे अर्ज आहेत ते."

मामाने मान वर केली नाही. "दोघांना पुढच्या महिन्यात घेणार आहेत. एक समोरच्या रांगेतला आहे, त्या गोदीवरच्या आजोबांचा नातू."

 बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटत होतं की आता आई म्हणेल थांब, थांबच, काय व्हायचं ते होऊ दे. मी मनात तिला तसं म्हणायला लावत होते. माझं सगळं तर आधीच गेलं होतं.

"मग थांबू नकोस," आई म्हणाली.

"ताई..."

"थांबू नकोस म्हटलं ना? तू उशिरा पोचलास तर ते दोघं गेले, आणि त्यांच्यामागचे दोघंही. ते आत जाऊ देत. पाचजण झालात की मग बघू, तेव्हा पाचजण मिळून थांबा. पण एक ऐक." तिने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. "हात करू नकोस. खोटं सांगून आम्हाला उभं करू नकोस. लोकांना चालायला तरी लागू दे."

मामा ताटावर वाकून रडला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण ताटही उचललं नाही. तो खाईपर्यंत ती समोर बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मी लाँड्रीत लागले. टेम्पररी. पहिल्या दिवशी आई मला घेऊन थांब्यावर आली, तिथे माणसं होतीच. बोचकी खाली ठेवून, पायलटची वाट बघत. आईने कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नव्हतं. गाडी आली. मामाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो सरळ समोर बघत होता. लोक त्याच्या खिडकीकडे बघत राहिले, हात कधी बाहेर येतो म्हणून. गाडी पुलावर चढली तरी बघत राहिले. "अरे, आज काही बोललाच नाही," कोणीतरी म्हणालं. "विसरला असेल. थांबा थोडं, मागे असेलच."

आईने माझा हात धरला आणि चालायला लागली. थोडं गेल्यावर मी वळून पाहिलं. आमच्यामागे कोणीच आलं नव्हतं.